पगार 42 हजार, मॉडिफिकेशन अडीच लाखांचं

पत्र : काका, मी 27 वर्षांचा. सिडकोत राहतो, सिन्नरच्या मुसळगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. हातात 42 हजार येतात, त्यातले 12 हजार घरी देतो. दोन वर्षांपूर्वी मामांकडून त्यांची 2011 ची पांढरी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल घेतली. 1 लाख 30 हजार किलोमीटर झालीय, पण इंजिन मस्त आहे. रोज तिनेच कंपनीत जातो. कंपनीची बस आहे, पण गाडी असताना बसने कोण जाणार? पुण्याच्या एका ट्यूनरने कोटेशन दिलंय : 17 इंची अलॉय आणि टायर 75 हजार, लोअरिंग सस्पेन्शन 45, हेडर आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट 35, हवेचं इनटेक 8, इंजिनच्या सॉफ्टवेअरचं रीमॅप 25, एचआयडी लाइट 12, बकेट सीट 30, स्पॉयलर आणि स्कर्ट 12. एकूण 2 लाख 42 हजार. बँक अडीच लाखांचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे, 14 टक्के, तीन वर्षं. मित्राने त्याची पोलो जीटी टीएसआय रीमॅप केली, ती अक्षरशः उडते. बाबा सातपूरला महिंद्रात लाइनवर होते. ते म्हणतात, 'कंपनीतून निघाली तशी ठेव, नाहीतर विकून टाक.' त्यांना लोनचं अजून सांगितलेलं नाही. खरा खर्च किती येईल, सुरुवात कुठून करू? आणि रिम काळ्या घेऊ की सिल्व्हर?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काका म्हणालास, म्हणून एकेरीवरच येतो.

तुझी हौस मला कळते. वणीच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळण मनासारखं बसलं की जो आनंद होतो, त्याचा हिशेब मांडता येत नाही आणि मांडूही नये. त्यामुळे 'हे सगळं सोड आणि एसआयपी चालू कर' असलं उत्तर माझ्याकडून येणार नाही. तसं सांगायला घरात बाबा आहेत.

पण आनंदाचा हिशेब मांडता येत नसला तरी पेट्रोलचा येतो. तुझ्या कोटेशनमध्ये आठ ओळी आहेत आणि सगळ्यात महाग पडणारी नववी ओळ त्यात नाहीच. बदललेली गाडी रोज सिन्नरला नेण्या-आणण्याची ती ओळ. ट्यूनर ती लिहिणार नाही, कारण ते पैसे त्याला मिळत नाहीत. आपण लिहू.

आज तुझी गाडी महिन्याला किती खाते? सिडको ते मुसळगाव जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1,500 किलोमीटर. लिटरला 15 चं ॲव्हरेज आणि 104 रुपये भाव धरला तर 10,400 रुपयांचं पेट्रोल. वर्षाला दोन सर्व्हिसिंग लागतात, त्यांचे महिन्याकाठी 850. 20 हजारांचा टायरचा सेट 40 हजार किलोमीटर चालला तर महिन्याला 750. इन्शुरन्सचे 600. आणि पंधरा वर्षांची गाडी म्हटल्यावर क्लच, बॅटरी, ब्रेक, बुश यांतलं काहीतरी कधीतरी निघणारच, त्यासाठी किलोमीटरला एक रुपया बाजूला, म्हणजे 1,500. बेरीज 14,100. शिंदेच्या टोलनाक्याचा पास यात धरलेला नाही. तुझ्या पगाराचा तिसरा हिस्सा आजच, एकही नवा नटबोल्ट न लावता, गाडीत जातोय. हा आकडा तू कधी एका कागदावर पाहिलेला नसणार. शेकडा नव्वद गाडीवेड्यांनी पाहिलेला नसतो.

आता कोटेशनमधलं सगळं लावलं असं समज. रुंद टायर, जड रिम आणि नव्या आवाजामुळे जरा जास्तच दाबला जाणारा पाय, यात ॲव्हरेज 15 वरून 12 वर येईल. 1,500 किलोमीटरला 100 लिटरऐवजी 125 लिटर, म्हणजे 2,600 रुपये जादा. 17 इंची चार टायर 40 हजारांच्या आसपास जातात आणि खाली बसवलेल्या गाडीवर ते 30 हजार किलोमीटरमध्ये संपले तर महिन्याला दोन हजार, म्हणजे आजच्यापेक्षा 1,250 जास्त. वर लोनचा हप्ता : अडीच लाख, 14 टक्के, 36 महिने म्हणजे 8,545 रुपये. तीन वर्षांत बँकेला 3 लाख 7 हजारांवर परत करशील, त्यातले 57 हजार निव्वळ व्याज. एकूण महिना साडेसव्वीस हजारांच्या जवळ गेला. घरचे 12 हजार काढले की तुझ्याकडे साडेतीन हजार उरतात. त्यात मोबाइल, कपडे, मित्रांची लग्नं, आणि रविवारी गाडी घेऊन कुठे जायचं असेल तर त्याचं पेट्रोल. म्हणजे इतकं करून गाडी फिरवायची ती फक्त कंपनीच्या रस्त्यावर.

लोन घेऊ नकोस, हे इथेच संपवतो. घरासाठी, शिक्षणासाठी, अगदी गाडी विकत घेण्यासाठी कर्ज मी समजू शकतो. लावल्या दिवशीच ज्याची किंमत निम्मी होते त्या वस्तूसाठी 14 टक्क्यांनी पैसे उचलायचे, याला मी हौस म्हणणार नाही. आणि विकताना? समोरचा गिऱ्हाईक मॉडिफाइड गाडी बघून भाव वाढवत नाही, पाडतो. 'दामटलेली असणार' हा त्याचा पहिला विचार असतो. तुझ्या गाडीची पॉलिसी काढून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत बघ. 2011 च्या स्विफ्टला तो कोटेशनच्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

इन्शुरन्सचा विषय निघालाच आहे तर : थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी कारला 2022 पासून तो 3,416 रुपये आहे. तुझं 1,197 सीसी त्यातच बसतं. प्रश्न 'ओन डॅमेज'चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा असतो. अलॉय, म्युझिक, सीट असल्या ॲक्सेसरीज कंपनीला कळवून, थोडा जादा प्रीमियम भरून पॉलिसीत घालता येतात. न कळवता लावलेली वस्तू अपघातात गेली तर तिचे पैसे मिळत नाहीत. बदल इंजिनमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पूर्ण क्लेमवरच बोट ठेवू शकतो. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून चालून जातो, असं तुला कुणीतरी सांगेल. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला की तोही दिसतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे दोन शब्द तुझ्या आठ ओळींपुढे ठेवून बघ. आवाज आणि धुरासाठी वेगळं कलम आहे, 190(2), पहिल्या वेळेला दंड दहा हजारांपर्यंत आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घालतानाचे फोटो पेपरात पाहिले असशीलच. कारवाल्यांना अजून तेवढं कोणी अडवत नाही, हे खरंय. पण अपघातानंतर कोर्टात मोटर ॲक्सिडेंट क्लेम उभा राहतो तेव्हा समोरचा वकील हीच कलमं काढतो, आणि त्या वेळी रक्कम पाच हजारांची नसते.

बरं, आता गाडीकडे येऊ. कोटेशन खालून वर वाचतो.

स्पॉयलर-स्कर्ट : 85 पीएस ताकदीच्या हॅचबॅकला त्याचा वेगात उपयोग शून्य. दिसायला आवडत असेल तर एखाद्या बोनसला घे, माझं काही म्हणणं नाही. बकेट सीट : आईला देवळात न्यायचं असेल त्या दिवशी तुला कळेल. रद्द.

एचआयडी : तुझ्या हेडलाइटची काच आणि रिफ्लेक्टर एच4 हॅलोजनसाठी बनवलेले आहेत. त्यात एचआयडी घातला की प्रकाश कुठेही फुटतो, समोरचा आंधळा होतो आणि पावसात तुलाही रस्ता दिसत नाही. त्याऐवजी बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले टाकून हेडलाइटचं वायरिंग कर, बल्ब तोच 60/55 वॉटचा, चांगल्या कंपनीचा. हजार-दीड हजारात काम होतं. पंधरा वर्षांच्या वायरिंगमध्ये बल्बपर्यंत पोचेतो व्होल्टेज पडलेलं असतं, ते परत मिळतं. पिवळट पडलेली काच पॉलिश करून घे. सिन्नर घाटात रात्री फरक जाणवेल.

रीमॅप. मित्राची पोलो उडते, कारण तिला टर्बो आहे. कंपनीने तिला 105 पीएस आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क दिला होता. टर्बो गाडीत सॉफ्टवेअरने बूस्ट वाढवता येतो, जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून एका दुपारी पंचवीस-तीस टक्के ताकद वाढते. (ती वाढलेली ताकद क्लच आणि गिअरबॉक्सला झेलायची असते. मित्राला एवढंच विचार, त्यासाठी त्याने काही बाजूला काढून ठेवलंय का.) तुझ्या 1.2 के-सिरीज इंजिनला टर्बो नाही. हवा जेवढी पिस्टन ओढेल तेवढीच. ट्यूनर ठिणगीची वेळ थोडी पुढे घेईल, मिश्रण जरा बदलेल, थ्रॉटल चटकन उघडायला लावेल. पाच-सात टक्के मिळाले तरी पुष्कळ. 85 चे 90 पीएस. 25 हजार भागिले पाच. त्यापेक्षा डिकीतला पसारा, ते दोन सबवूफर, जादाची स्टेपनी काढलीस तर गाडी फुकटात हलकी होईल.

इनटेकचं आणखी सोपं. बोनेटखाली उघडा ठेवलेला कोन-फिल्टर आवाज छान करतो आणि इंजिनवरची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणजे ताकद घटते. कंपनीचा एअरबॉक्स पुढून, बाहेरची थंड हवा घेतो. कुणीतरी पगार घेऊन विचार केला होता त्याचा. शिवाय नाशिकचा एप्रिल आणि सिन्नर रस्त्याची धूळ. कागदी फिल्टर वेळेवर बदल, दोन-अडीचशे रुपये लागतात.

एक्झॉस्टमध्ये हेडरसाठी पुढचा कॅटकॉन, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढतात. तो काढला की पीयूसी नीट येत नाही आणि ऑक्सिजन सेन्सर इंजिनचा दिवा लावतो. मग तो दिवा विझवायला परत रीमॅप. एका कामातून दुसरं काम असं निघत जातं. ताशी 80-90 ला आत जो घुमघुम आवाज बसतो तो पहिल्या आठवड्यात आवडतो, दुसऱ्या महिन्यात डोकं उठवतो. रोज 60 किलोमीटर आहेत, विसरू नकोस.

आता सस्पेन्शन आणि चाकं. तुझ्या यादीतल्या निम्म्या रकमेचं काम हे आहे, आणि गाडी खरोखर बदलू शकेल असंही हेच एक काम आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर. 40 ने खाली घेतली की 130, चौघं बसले की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे अंगावरून अलगद जाता येईल असा असायला हवा. सिडकोतल्या गल्ल्यांमधला गतिरोधक कुणी टेपने मोजून केलेला आहे, असं तुला वाटतं? एका रात्री इंजिनखालचं ऑइलचं चेंबर घासणार, फुटला तर ऑइल रस्त्यावर, आणि दिवा बघायला उशीर केलास तर इंजिन. ज्या इंजिनला 'मस्त' म्हणालास तेच. खाली घेतलेल्या गाडीची चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेने खातो. स्प्रिंग बदलून जुनेच शॉकअब ठेवले तर तेही लवकर बसतात, कारण ते त्या उंचीसाठी बनलेले नाहीत.

चाकांचं गणित तू स्वतः करू शकतोस. तुझा मूळ टायर 165/80 आर 14 : 14 इंच म्हणजे 355.6 मिमी, अधिक दोन्ही बाजूंची 132 मिमी भिंत (165 च्या 80 टक्के), एकूण 620. बाहेरचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा टायरवाल्यांचा ठोकताळा. 17 इंचीला ट्यूनर 205/50 टाकणार, त्याचा व्यास 637, म्हणजे पावणेतीन टक्के मोठा. ठोकताळ्यात जेमतेम बसला. पण मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला, आणि तुझ्याकडे ओढायला 113 न्यूटन मीटर. गाडी दिसेल वेगवान, उचल घेईल संथ. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवेल तो भाग वेगळाच. स्वस्तातली 17 इंची रिम तुझ्या 14 इंची स्टीलपेक्षा जड असते, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, जे खड्ड्यात शॉकअबला आवरत नाही. टायरची भिंत 132 वरून 102 झाली की खड्डा थेट रिमला. द्वारका चौकातून पावसाळ्यात एकदा जाऊन ये.

तुझ्याच स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने 185/70 आर 14 टायर दिले होते. व्यास 615, रुंदी 20 मिमी जास्त, पकड लगेच जाणवते, ना आरटीओचा प्रश्न ना इन्शुरन्सचा. दिसण्यासाठी मोठं चाक हवंच असेल तर 15 इंची रिमवर 185/65, व्यास 622, जवळजवळ मूळचाच. पीसीडी, म्हणजे चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचं माप, 4 बाय 100. सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधलं भोक, 54.1 मिमी. दुकानात गेल्यावर हे दोन आकडे पाठ असू दे. बाजारातल्या बहुतेक अलॉयचं बोअर मोठं असतं, म्हणून हबवर नेमकी बसणारी रिंग घालावी लागते. नाहीतर 80 ला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाला बिचारा उगाच शिव्या खातो.

इथे तुझ्या धंद्यातला एक मोह आहे, तो आधीच सांगतो. अंबडला, मुसळगावला लेथवाले ओळखीचे असणार. कुणीतरी म्हणेल, 'रिम आत जातेय ना? 20 एमएमचे स्पेसर, चाकामागे घालायच्या चकत्या, बनवून देतो, तासाभराचं काम.' हबची रिंग अवश्य बनवून घे. ती फक्त चाक मध्यात धरते, भार घेत नाही, आणि तिचं टॉलरन्स तू स्वतः तपासशील. स्पेसर नको. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर वाढतो, स्टडचे पकडीतले आटे कमी होतात, आणि त्या तुकड्याचं मटेरियल सर्टिफिकेट कुठे आहे? तुझ्या कंपनीत असा जॉब आला असता तर तूच रिजेक्ट केला असतास.

मग सुरुवात कुठून? खालून. 1 लाख 30 हजार किलोमीटर आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीत रबर संपलेलं असतं, इंजिन कितीही मस्त असो. लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंटिंग, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग, मागच्या बीमचे बुश. चारही शॉकअब मूळ उंचीचे, चांगल्या कंपनीचे गॅसवाले. पुढचे ब्रेकपॅड, डिस्क पातळ झाली असेल तर डिस्क. ब्रेक ऑइल. हे माणसं हमखास विसरतात : ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेल्याची हमी 155 पर्यंतचीच. कसारा घाट उतरताना पेडल पोकळ का लागतं, याचं उत्तर त्यात आहे. दोन वर्षांनी एकदा बदलायचं, खर्च किरकोळ. कूलंटचे होज, आणि पंपावर आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं म्हणून पेट्रोलचेही होज बघून घे. 2011 ची गाडी त्या इंधनासाठी बनलेली नाही. शेवटी अलाइनमेंट. हे सगळं मिळून 35-40 हजारांत बसावं. आणि मग एकदा चालव. 'स्टॉक' गाडी कशी असते हे तुला ठाऊकच नाहीये. मामांनी दिली तेव्हाच ती थकलेली होती. माझा अंदाज आहे की लोअरिंग किट घेऊन तुला जे हवंय, त्यातलं बरंचसं इथेच मिळेल.

पैसे कुठून? कंपनीच्या बसमधून. आठवड्यातले तीन दिवस बसने जा. एका दिवसाचं पेट्रोल 416 रुपये, महिन्यातले बारा दिवस, म्हणजे पाच हजार. वर्षाला 60 हजार, बिनव्याजी. टायर, क्लच, ब्रेक तेवढे कमी झिजतात ते वेगळं. गाडी असताना बसने कोण जाणार, असं तू विचारलंस. ज्याला गाडीवर खर्च करायचाय तो जाणार. रोज ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगण्यात कसली आलीय मजा? ती गाडी शनिवारी पहाटे त्र्यंबकच्या रस्त्याला लागू दे.

पहिल्या वर्षाचे पैसे खालच्या कामाला आणि टायरला. दुसऱ्या वर्षी रिम, हेडलाइट, एखादं चांगलं स्टिअरिंग कव्हर, सीटचं फोम नवं. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट माळ्यावर जपून ठेव, विकताना कामाला येतो. आणि वेगाची खाज असेल तर ती रस्त्यावर भागवायची नाही. मोटरस्पोर्टची देशातली संघटना एफएमएससीआय, तिच्या मान्यतेने ऑटोक्रॉस शर्यती आणि टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली होतात. नाशिकच्या आसपासच्या मातीत राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. टीएसडीत वेळ आणि अंतराचं गणित असतं, तुझी स्विफ्ट आहे तशी चालते, फक्त शेजारी नीट नकाशा वाचणारा मित्र लागतो. पोलोवाला चालेल.

बाबांचं. 'तशीच ठेव नाहीतर विक' हे त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की कुठलाही नट विनाकारण त्या टॉर्कला घट्ट केलेला नसतो. त्यांना कोटेशन दाखवू नकोस, गाडी पिटवर चढवलीस की सोबत ने. कुठला बुश गेलाय, आवाज कुठून येतोय, हे विचार. लोनचा विषय आता निघणारच नाही, तेव्हा लपवायलाही काही उरत नाही.

हे सगळं करण्याआधी एक कागदाचं काम आहे, आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून काळजी वाटते. 2011 ची गाडी म्हणजे आरसीची पंधरा वर्षं यंदाच भरतात. तारीख बघ. संपायच्या आधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरून पेठ रोडच्या आरटीओत नूतनीकरण करायचं असतं. खासगी कारची फी 2022 पासून 5,000 रुपये, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर महिन्याला 500 जादा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या लावल्या नसतील तर त्या आधी. इन्स्पेक्टर गाडी प्रत्यक्ष बघतो, तेव्हा त्या दिवशी ती मूळ सायलेन्सरवर आणि मूळ उंचीवर असलेली बरी. एकदा पास झाली की पुढची पाच वर्षं तुझी.

आणि हो, रिम. सिल्व्हर. काळ्या रिमवर ब्रेकची धूळ दिसत नाही हे खरं, पण खड्ड्यात बसलेली बारीक तडही दिसत नाही.